पडणेही शिकावे लागते



या पत्रिकेत आपण बेण्याबद्दल लिहितो, खोडव्याबद्दल लिहितो, साखर उतारा कुठे घसरला त्याचा हिशेब मांडतो. या खेपेला घसरण्याचाच विषय आहे, पण माणसाच्या. वाऱ्यापावसाने ऊस लोळला की आपण धावतो. त्याची नोंद होते, लवकर तोड मागितली जाते, चिटबॉयच्या मागे लागले जाते. ऊस लावणारा माणूस पडला तर मात्र त्याची नोंद कोणी घेत नाही. तो स्वतःही घेत नाही.

पवनारकडच्या साठी ओलांडलेल्या कोणत्याही सभासदाला विचारून पाहा, "बाबाजी, गेल्या सालात पडले होते का?" उत्तर ठरलेले असते. "मी कायले पडतो बाप्पा! जरासा पाय घसरला होता." आणि तेवढ्यात आतून आवाज येतो, "जरासा म्हणे! आठ रोज खाटेवरून उठले नाही." पडणे ही आपल्याकडे लपवायची गोष्ट झाली आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आला तर माणूस चारचौघांत सांगतो, गुडघा दुखतो तेही सांगतो. पडलो हे सांगत नाही. सांगितले तर पोरे वावरात जाऊ देणार नाहीत, मोटारीची चावी काढून घेतील, ही धास्ती. म्हाताऱ्या बाया तर मुळीच सांगत नाहीत. न्हाणीत पडल्या तरी मुकाट्याने उठतात आणि चुलीशी जातात.

या लाजेचे मूळ आम्हांला थोडेफार आपल्या आखाड्यातही दिसते. नागपंचमीच्या कुस्त्या पाहत आपण लहानाचे मोठे झालो. कुस्तीत ज्याची पाठ लागली तो चीत, तो हरला. म्हणून पहिलवानाची सगळी तालीम पाठ लागू न देण्याची. पण त्याच आखाड्याकडे जरा दुसऱ्या नजरेने पाहावे. रोज फावड्याने माती खणतात, ती भुसभुशीत करतात, तीत तेल, हळद, ताक घालतात. कशासाठी? शेकडो वेळा आपटूनही पोराचे हाड मोडू नये म्हणून. वस्ताद पोरांना कोलांट्या मारायला लावतो, तेही त्याचसाठी. म्हणजे पडण्याची विद्या आपल्याकडे होती. तिला नाव दिले नाही, आणि ती जवान पोरांपुरतीच ठेवली.

जपानी लोकांनी तिला नाव दिले. जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ साली टोकियोत कोडोकान नावाची शाळा काढली आणि जुन्या जुजुत्सूच्या डावांतून ज्युडो हा प्रकार बसवला. हाच ज्युडो १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आला. ज्युडोच्या वर्गात नव्या पोराला आधी पडायला शिकवतात. त्याला ते उकेमी म्हणतात. आधी निजून, मग बसून, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभ्याने. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोके मागे आपटत नाही. पाठ गोल करायची. श्वास कोंडून धरायचा नाही. अंग ताठ न ठेवता गडगडू द्यायचे. पडणे आले की मग डाव.

गडगडण्याने काय होते ते ऊस उत्पादकाला समजावून सांगायला नको. बंडीवरून मोळी सरळ खाली आदळली तर कांडी फुटते. तीच मोळी उतारावरून लोळत आली तर तिला काही होत नाही. वजन तेच, उंचीही तीच. मार एका जागी बसला की मोडतोड, पसरला की नाही. म्हातारा माणूस बहुधा बाजूला पडतो आणि सगळे वजन खुब्यावर येते. मांडीच्या हाडाचा वरचा, मानेसारखा बारीक भाग तिथेच असतो, आणि वय झालेल्या हाडात, विशेषतः पाळी गेलेल्या बायांच्या हाडात, चुना कमी झालेला असतो. मग तो भाग मोडतो. दुसरा मार मनगटावर. पडताना आपण हात ताठ पुढे करतो आणि मनगट जाते. उभ्याने पडलेला माणूस एका सेकंदाच्या आत जमिनीवर असतो. तेवढ्यात विचार करायला सवड नाही. अंगाला जे वळण लागले असेल तेच अंग करते.

म्हणूनच नेदरलँड्समधील नायमेखन शहरातल्या संशोधकांनी ज्युडोवाल्यांचे पडणे म्हाताऱ्यांना शिकवता येईल का, हे पाहायचे ठरवले. त्यांनी पाच आठवड्यांचा वर्ग तयार केला, आठवड्यातून दोनदा. त्यात अडथळ्यांच्या वाटेवरून चालणे होते, गर्दीत धक्का लागल्यासारखे चालणे होते आणि पडण्याचे शिक्षणही होते. वर्गात आलेले लोक आधी पडलेले होते. २००६ साली निकाल छापून आला, तो असा की वर्ग केलेल्यांचे पडणे ४६ टक्क्यांनी घटले. पडायला शिकवले आणि माणसे कमी पडू लागली, हे ऐकायला उलटे वाटते. पण त्याच वर्गात तोल सावरणेही शिकवले होते, हे विसरू नये; सगळे श्रेय पडण्याच्या शिक्षणाला देता येणार नाही.

पडण्याच्या शिक्षणाचे स्वतःचे श्रेय दुसऱ्या प्रयोगात दिसले. २००७ साली याच मंडळींनी ज्युडो येणाऱ्यांना गुडघ्यावर उभे करून बाजूला पडायला लावले आणि खुब्यावर किती जोर येतो तो मोजला. गडगडत पडल्यावर हा जोर साध्या पडण्यापेक्षा चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी भरला. त्यात एक मौजेची गोष्ट निघाली. ज्युडोवाले पडताना हाताचा पंजा जमिनीवर जोरात आपटतात, त्याने मार कमी होतो अशी समजूत. पण पंजा न आपटताही खुब्यावरचा जोर तेवढाच कमी झाला. काम गडगडण्याचे होते. मनगटाची भीती असलेल्या म्हाताऱ्याला ही फार सोयीची गोष्ट आहे.

आता सावधगिरीचे बोलतो, कारण हा लेख वाचून कोणी ओसरीवर गोधडी टाकून उड्या मारू लागला तर त्याचा दोष आमच्यावर यायचा. हे घरी, एकट्याने, वाचून करायचे काम नाही. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत त्यांच्यासाठी त्याच संशोधकांनी पथ्ये घातली आहेत: जाड गादी हवी, कमरेला खुब्याचे संरक्षण करणारा पट्टा हवा, आणि उभ्याने पुढे पडण्याचा सराव नको. आमच्या मते आपल्याकडच्या माणसाने उभ्याने पडण्याच्या पायरीला जाऊच नये. निजून हनुवटी छातीला लावणे, डाव्या-उजव्या कुशीवर लोळणे, बसून पाठ गोल करून मागे जाणे आणि पुढे, जमले तर, गुडघ्यावरून बाजूला गादीवर लोळणे, एवढे पुष्कळ झाले. खुबा एकदा मोडलेला, मणका दबलेला, नुकतेच डोळ्याचे ऑपरेशन झालेले, उठताना भोवळ येणारे, यांनी आधी डॉक्टरला विचारावे. पवनारहून सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जवळ, सावंगीचा दवाखानाही फार लांब नाही. जाताना रोजच्या गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही माणसे पडतात.

आणि आपल्या वावराचे आपले वेगळे शास्त्र आहे. नेदरलँड्सच्या म्हाताऱ्याला धुऱ्यावरून चालायचे नसते. आपल्याला काळ्या मातीचा चिखल आहे, दवाने भिजलेले पाचट आहे, पायात अडकणाऱ्या ठिबकच्या नळ्या आहेत, आणि रात्रीची वीज आली की अंधारात मोटार चालू करायला जाणे आहे. त्यात तोड झालेल्या फडातले बुडखे. कोयत्याने तिरपे कापलेले बुडखे खुंट्यासारखे उभे असतात. त्यावर कितीही छान लोळला तरी अंग फाटणारच. तिथे पडण्याची विद्या कामाची नाही; तिथे हातात काठी, पायात धरणारा जोडा आणि खिशात बॅटरी हवी. नदीवरही तसेच. धामच्या घाटाच्या दगडी पायऱ्या ओल्या असताना जपून उतरावे, आणि म्हाताऱ्या माणसाने एकट्याने उतरूच नये.

पायांतला जोर तर आधी हवाच. पवनारच्या लोकांना याचे उदाहरण सांगायला दूर जायला नको. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा परंधाम आश्रमातून पायी निघाले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते, आणि भूदानाची पदयात्रा करून १९६४ साली परत आले तेव्हा अडुसष्टचे. आपल्यापैकी किती जणांना साठीनंतर खुर्चीशिवाय जेवायला बसवत नाही, ते ज्याचे त्याने पाहावे. प्लॅस्टिकची खुर्ची घरोघर आली आणि पाटावर बसणे-उठणे गेले. जमिनीवर बसून हात न टेकता उठता येणे ही मोठी ठेव आहे. ज्याला अजून येते त्याने ती सोडू नये. ज्याला येत नाही त्याने खाटेचा आधार घेऊन रोज चार वेळा उठबस करावी. चीनमध्ये ताईची नावाचा संथ व्यायाम आहे. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात म्हाताऱ्यांना तो शिकवला, तेव्हा वारंवार पडण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे १९९६ साली दिसून आले. तोल हा कमावता येतो, वयातही.

पडल्यावर काय करावे हे पडण्याइतकेच महत्त्वाचे, आणि ते आजपासून कोणालाही शिकता येते. लाजेने ताडकन उठायचे नाही. आहे तिथे दोन मिनिटे पडून राहायचे, श्वास घ्यायचा, हातपाय हलवून पाहायचे. खुब्यात कळ असेल, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला किंवा आखूड वाटत असेल, तर उठायचे नाही. हाक मारायची, खिशातला मोबाईल काढायचा. कळ नसेल तर कुशीवर वळायचे, चार पायांवर रांगत खाट, बंडीचे चाक, झाड, जे असेल तिथवर जायचे, एक पाऊल पुढे रोवायचे आणि आधाराने उठायचे. हे घरात गादीवर, घरचे माणूस जवळ असताना, करून पाहिले पाहिजे. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना पडल्याचा मार फार लागत नाही, पण उठता न आल्याने ती तासन्‌तास पडून राहतात. पाणी नाही, थंडी, वरून भीती. पुढे हीच भीती माणसाला बसवून ठेवते. बसला की पाय सुकतात. पाय सुकले की पुन्हा पडतो.

जगात दरवर्षी पडून मरणारांची संख्या सुमारे ६ लाख ८४ हजार असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांत साठीपुढचे सर्वांत जास्त. एवढा मोठा आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही. घरातले चित्र राहते. तोडीची पाळी आली आहे, टोळी फडात उतरली आहे, आणि घरधनी खुब्याचे ऑपरेशन होऊन खाटेवर. एक पोरगा दवाखान्यात, सून उशाशी, उसाकडे पाहणारा कोणी नाही. खुबा मोडलेला म्हातारा पुष्कळदा त्या मोडण्याने जात नाही. खाटेवर पडून राहिल्याने छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, त्याने जातो.

आमची सूचना साधी आहे. गळीत हंगाम संपल्यावर गटागटांत असा वर्ग घेता येईल. शाळेची खोली चालेल, गावचा आखाडा असेल तर उत्तमच. गाद्यांची अडचण वर्धा जिल्ह्यात पडू नये; कापूस आपलाच, पिंजून जाड गाद्या भरून घेतल्या की झाले. शिकवायला शारीरिक शिक्षणाचा, ज्युडो जाणणारा शिक्षक हवा, आणि सोबत पहिल्या दिवशी तपासायला डॉक्टर हवा. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालले आहे, त्यांच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते; विदर्भात व्यायाम जाणणाऱ्या माणसांचा दुष्काळ नाही. बायांसाठी वेळ वेगळी ठेवावी, नाहीतर त्या येणार नाहीत, आणि मोडणारी हाडे जास्त करून त्यांचीच.

सुरुवात मात्र नोंदीपासून व्हावी. चिटबॉय उसाची नोंद घ्यायला येईल तेव्हा लागणीची तारीख, जात, क्षेत्र सांगून झाल्यावर गेल्या सालात घरात कोण कोण पडले, कुठे पडले, तेही सांगावे. त्याच्या वहीत त्यासाठी रकाना नाही. सध्या समासात लिहून घ्यावे.