शाळेतली मासिके मुलांच्या घरी कशी पोहोचतील?

पुण्याच्या बुधवार पेठेला वाचनाचा मोठा वारसा आहे. १८४८ साली याच पेठेतल्या भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्याच वर्षी स्थापन झालेले वाचनालय आज पुणे नगर वाचन मंदिर या नावाने याच पेठेत आहे. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव येते, ते आपण अभिमानाने सांगतो. अप्पा बळवंत चौकात तर पुस्तकांच्या दुकानांची रांगच आहे. पण या सगळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मुलीला शाळेतले एखादे मासिक घरी न्यायला मिळते का? बऱ्याच शाळांत उत्तर ‘नाही’ असेच येईल. अंक येतो, त्यावर शिक्का बसतो आणि तो कपाटात जातो. कपाटाला कुलूप असते.

कपाट बंद का राहते?

यासाठी शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. अनेक शाळांत वेगळा ग्रंथपाल नसतो. एखाद्या सरांकडे किंवा मॅडमकडे वर्ग सांभाळून ग्रंथालयाचा चार्ज असतो. अंक हरवला तर जबाब त्यांनीच द्यायचा. त्यात मासिक पडले पातळ. दप्तरात चुरगळते, पिना निघतात, धाकटा भाऊ चित्रे कापून घेतो. मग ‘दिलेच नाही तर हरवणारच नाही’ हा सोपा मार्ग निवडला जातो.

पण हरवणे किती चालते, याचे एक सरकारी मापही आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनुसार ग्रंथालयात वर्षभरात दिल्या गेलेल्या दर १००० पुस्तकांमागे ५ गहाळ झाली, तर ते वाजवी नुकसान धरता येते. फक्त त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे. तरी शाळेच्या समितीला तो नमुना म्हणून समोर ठेवता येईल. वर्षात ३०० वेळा अंक घरी गेले आणि त्यातला एखाद-दुसरा हरवला, तर आभाळ कोसळत नाही. ही गोष्ट मुख्याध्यापकांनी लेखी दिली की चार्ज सांभाळणाऱ्या शिक्षकांच्या मनावरचे ओझे उतरते.

सोपी पद्धत

पुस्तकाचा नियम मासिकाला जसाच्या तसा लावला की गोंधळ होतो. मासिकासाठी वेगळे, छोटे नियम हवेत.

१. आल्याबरोबर नोंद. एका वहीत मासिकाचे नाव, महिना, आल्याची तारीख आणि प्रतींची संख्या लिहावी. मधला एखादा अंक पोस्टात गहाळ झाला तर ते लगेच कळते आणि प्रकाशकाला वेळेत कळवता येते. उशीर केला की प्रती संपतात.

२. अंकाला क्रमांक आणि कव्हर. ‘किशोर’चा जुलैचा अंक असेल तर ‘कि-७’ आणि वर्ष, असा साधा क्रमांक पुरतो. पिना घट्ट कराव्यात, खाकी कागदाचे कव्हर घालावे आणि मागच्या पानावर परतीच्या तारखेची चिठ्ठी चिकटवावी.

३. ताजा अंक शाळेत, जुना घरी. पुढचा अंक येईपर्यंत ताजा अंक वाचनाच्या टेबलावर ठेवावा, म्हणजे तो सगळ्यांना बघायला मिळतो. नवा आला की आधीचा घरी द्यायला मोकळा.

४. एका वेळी एक अंक, एक आठवडा. मासिक वाचायला पुस्तकाइतका वेळ लागत नाही. देण्या-घेण्याचा वार ठरलेला असावा. ज्या शाळांत जुम्म्याला सुट्टी किंवा अर्धा दिवस असतो, त्यांनी गुरुवार धरावा, म्हणजे सुट्टीत वाचन होते.

५. वही मुलांच्या हातात. तारीख, अंकाचा क्रमांक, मुलाचे नाव, परतीची तारीख आणि परत आल्याची सही, एवढे पाच रकाने पुरेत. सहावी-सातवीची दोन मुले आणि दोन मुली आळीपाळीने हे काम छान करतात. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा वही पाहावी.

आता हिशेब पाहा. वर्गात ४० मुले आहेत आणि ‘किशोर’चा एकच ताजा अंक दर आठवड्याला एकाला दिला, तर सगळ्यांची पाळी यायला ४० आठवडे लागतील. तोवर वर्षच संपेल! पण त्याच वर्गाला मागच्या वर्षाचे १० अंक पेटीत घालून दिले, तर प्रत्येकाची पाळी चार आठवड्यांत येते. म्हणून जुने अंक रद्दीत घालू नयेत. मुलाला अंक मार्चचा आहे की ऑगस्टचा, याने फरक पडत नाही. गोष्ट चांगली असली की झाले.

कॉम्प्युटर लागतो का? मोठ्या शाळेला एनआयसीचे ई-ग्रंथालय किंवा कोहा हे सॉफ्टवेअर वापरता येते. त्यात प्रत्येक अंकाची वेगळी प्रत म्हणून नोंद करावी लागते, तरच तो कोणाकडे गेला ते कळते. शंभर-दोनशे अंकांसाठी मात्र वहीच बरी.

वर्षअखेरीस काय करायचे? निवडक अंक बांधून पुस्तकांच्या नोंदवहीत चढवावेत, चांगल्या स्थितीतले पुढच्या वर्षीच्या पेटीत घालावेत आणि फारच झिजलेले मुलांनाच देऊन टाकावेत.

कोणती मासिके?

बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. उर्दू शाळांसाठी राष्ट्रीय उर्दू परिषदेचे ‘बच्चों की दुनिया’ आणि मुंबईचे ‘गुल बूटे’ आहे. आमचे म्हणणे असे की मराठी शाळेच्या पेटीत एखादे उर्दू मासिक आणि उर्दू शाळेच्या पेटीत ‘किशोर’ असलेच पाहिजे. आपल्या कितीतरी घरांत मूल मराठी वाचते आणि दादीला उर्दूच येते. दोघांनी एकमेकांना वाचून दाखवले तर घरालाच तालीम मिळते.

घरी नेऊ देणे एवढे महत्त्वाचे का?

मुलगा शाळा सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू शकतो. मुलीला बहुतेक घरांत थेट घरी यावे लागते. घरकाम असते, लहान भावंडे असतात. शाळेचे वाचन शाळेतच संपले, तर तिचे वाचनही तिथेच संपते. अंक घरी गेला तरच तो तिच्यापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचतो.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टीची पुस्तके असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. मात्र सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याबाहेर ठेवल्या. म्हणजे महापालिकेच्या शाळेत पालक कायद्याचे नाव घेऊन विचारू शकतात, पण आपल्याच संस्थांच्या शाळांत विचारायचे तर आपल्याच माणसांना विचारावे लागेल. सक्ती नाही म्हणून जबाबदारी कमी होत नाही. उलट आपल्या संस्थांनी यात पुढे असायला हवे.

पालकांनी काय करावे?

पुढच्या पालकसभेत तीन प्रश्न विचारा: शाळेत कोणती मासिके येतात? ती घरी मिळतात का? मिळत नसतील तर कधीपासून मिळतील? शक्य असेल तर दोन-चार पालकांनी मिळून एका मासिकाची वर्षाची वर्गणी भरावी.

आणि घरी मुलांना अमानत म्हणजे काय, ते या अंकावरूनच शिकवा. अमानत ज्याची त्याला परत करण्याचा आदेश कुरआनात सूरह निसामध्ये आहे, हे मुलांना मदरशात शिकवले जाते. इथे ते हाताने करून बघता येते. अंकासाठी घरात एक ठरलेली जागा ठेवा आणि परतीचा वार मुलालाच लक्षात ठेवू द्या. अंक फाटला तर ओरडू नका, सोबत बसून चिकटवा. हरवला तर दंड घेण्यापेक्षा शाळेने दुसरा एखादा जुना अंक मागावा, अप्पा बळवंत चौकात किंवा रद्दीवाल्याकडे शोधला तर तो मिळेल. दंडाच्या भीतीने मूल पुढच्या वेळी अंक घेणारच नाही आणि सगळ्यात मोठे नुकसान तेच आहे.