डॉक्टरांच्या हातच्या चार ओळी

भोर-वेल्ह्याकडून रुग्ण पुण्याला हलवायचा म्हणजे घरची बाई आधी पैसे, कपडे, डबा आवरते. केसपेपर मात्र गडबडीत घरीच राहतो! आणि तिकडे पहिला प्रश्न येतो, "आधी काय दिलंय?" कोणते इंजेक्शन, किती वाजता, हे लिहिलेले नसेल तर तेच औषध दुबार पोटात जायची भीती.

डॉक्टरांच्या टिपणाचे मोल पाहायचे तर भोरहून वरंधा घाट उतरून महाडकडे बघा. तिथल्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या रुग्णांची नाडी, घाम, रक्तदाब नेमाने टिपून ठेवत. ती निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिनच्या गोळीने उपचार केले आणि कितीतरी जीव वाचले.

डॉक्टरांपुढे रांग असते, हे खरेच. पण लिहिणे हाही उपचाराचाच भाग. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपायची असतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायची असतात.

तेव्हा मैत्रिणींनो, संकोच नको. निघताना म्हणा, "डॉक्टरसाहेब, औषध, मात्रा, वेळ तेवढी लिहून द्या. ह्यांना पेनिसिलीन सोसत नाही, तेही लिहा." घरातल्या प्रत्येकाचे कागद तारखेवार वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी रेशनकार्डाशेजारी. रात्री-अपरात्री चटकन हाताला लागेल!