कागदी अग्निबाणातून प्रमाणाचा धडा

बिदर शहरातील चौबारा या गोल मनोऱ्याची उंची ७१ फूट, म्हणजे सुमारे २२ मीटर आहे. भारताचा पहिला उपग्रह-प्रक्षेपक अग्निबाण एसएलव्ही-३ जवळजवळ तितकाच उंच होता. औराद, भालकी, बसवकल्याण अथवा कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद येथील मराठी शाळांना ड्रॉइंगचा कागद, खळ व कात्री एवढ्या साहित्यात त्याची प्रतिकृती करता येईल.

१:५० प्रमाण घेतल्यास तिची उंची ४४ सेंटिमीटर होते. पहिल्या टप्प्याचा एक मीटर व्यास दोन सेंटिमीटरवर येतो. त्या नळीसाठी परिघाएवढी ६.३ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्यावी व चिकटविण्यासाठी अर्धा सेंटिमीटर कागद जादा ठेवावा. चारही टप्पे सुटे करावेत. इंधन जळताच रिकामा टप्पा गळून पडतो व भार हलका होतो, हे त्यामुळे प्रत्यक्ष दाखविता येते.

१७ टन वजनाच्या या अग्निबाणाने १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोटा येथून ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. ऑगस्ट १९७९ मधील पहिला प्रयत्न मात्र फसला होता. म्हणून विद्यार्थ्याची नळी वाकडी झाल्यास शिक्षकांनी ती स्वतः सरळ करून देऊ नये. त्याला मापे पुन्हा घेऊ द्यावीत.