विस्मृतीचा माग, मणक्यातल्या पाण्यात

मेंदूभोवतीचं पाणी तपासायला काढलं, तर ते कोणत्या नळीत भरलं यावरही निदान फिरू शकतं. ॲमिलॉइड-बीटा ४२ हे प्रथिन काचेला आणि पॉलिस्टायरीनला चिकटतं. तसल्या नळीत त्याचा काही भाग भिंतीलाच राहतो, यंत्रावर आकडा खोटाच कमी येतो आणि नसलेला अल्झायमर अहवालात उमटतो. म्हणून नळी पॉलिप्रोपिलीनचीच घ्यायची आणि नमुना या नळीतून त्या नळीत ओतायचा नाही.

एवढी काटेकोर काळजी कशासाठी? कारण ‘डिमेन्शिया आहे’ हे निदान अर्धंच असतं, तो कोणत्या आजाराचा हेही कळायला हवं. ल्युई बॉडी डिमेन्शियात माणसाला खोलीत नसलेली माणसं दिसतात. ते भास थांबावेत म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं, तर शरीर लाकडासारखं ताठरतं, प्रसंगी जिवावर बेततं. उलट, मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी तुंबून चाल अडखळते, लघवीवर ताबा राहत नाही आणि विसर पडतो, त्या आजारात तीसेक मिलिलिटर पाणी काढल्यावर काही रुग्ण त्याच दिवशी बरे चालू लागतात. अशांना नळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेने आराम पडू शकतो. या दोघांनाही ‘वय झालं’ म्हणून घरी बसवणं हा मला अन्याय वाटतो.

कमरेतून हे पाणी काढण्याची रीत जर्मनीतल्या कीलचे हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये दाखवली. दहा वर्षांनी फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिचा आजार कळला तो ती गेल्यावर, १९०६ मध्ये, अलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा. सुई तेव्हाही हाताशी होती, पाण्यात काय शोधायचं तेच ठाऊक नव्हतं. मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांतून ग्लेनर आणि वाँग या संशोधकांनी ॲमिलॉइड वेगळं काढलं ते १९८४ मध्ये. पुढच्या दशकात स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातले काय ब्लेनो आणि इतर संशोधकांनी या पाण्यातली प्रथिनं मोजायला घेतली.

अल्झायमरच्या रुग्णात ॲमिलॉइड ४२ वाढत नाही, घटतं, बहुधा निम्म्यावर येतं. वर धरणात पाणी अडलं की कालवा आटतो, तसं हे प्रथिन मेंदूतल्या चकत्यांत अडकून पडतं. काहींच्या शरीरात ते मुळातच कमी किंवा जास्त तयार होतं. म्हणून त्याच्याच जोडीच्या ॲमिलॉइड ४०शी गुणोत्तर काढतात. सोबत फॉस्फरस जडलेलं टाउ हे प्रथिन वाढलेलं असेल, तर अल्झायमरचं चित्र पक्कं होत जातं. क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजारात चेतापेशी झपाट्याने मरतात. तिथे एकूण टाउ प्रचंड चढतं, पण फॉस्फरसवालं त्या मानाने फारसं नाही.

ल्युई बॉडीची चाचणी मला सगळ्यांत विलक्षण वाटते. त्या आजारात अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन चुकीची घडी घेतं. रुग्णाच्या पाण्याचा थेंब चांगल्या सिन्युक्लिनच्या द्रावणात घालतात आणि मिश्रण तासन्‌तास हलवत ठेवतात. थेंबात बिघडलेला एखादा कण असला, तर तो शेजारच्यांना आपल्यासारखी घडी घालायला लावतो आणि मिसळलेला रंग चमकू लागतो. क्रॉइट्झफेल्ट-याकोबच्या प्रायॉनचा, म्हणजे तिथल्या घडी बिघडलेल्या प्रथिनाचा शोधही याच तंत्राने घेतात. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची अशी खास खूण मात्र अजून हाती नाही. न्यूरोफिलामेंट वाढलेलं दिसतं, पण त्यातून चेतातंतूंची हानी होतेय एवढंच कळतं.

आणि आकडे एकटे वाचू नयेत. सत्तरीपुढच्या, व्यवहारात चोख असलेल्या अनेकांचंही ॲमिलॉइड घटलेलं आढळतं. ल्युई बॉडीच्या रुग्णात अल्झायमरच्या खुणाही सापडतात, कारण म्हातारपणी मेंदूत दोन आजार एकत्र नांदू शकतात. अहवालाशेजारी घरच्यांनी सांगितलेली हकीकत हवीच: सुरुवात विसरण्याने झाली, वागण्याने की भासांनी?

आपल्याकडे ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ ही धास्ती घट्ट आहे. मोठ्यांमध्ये मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याखाली, तिसऱ्या-चौथ्याच्या फटीत जाते. रुग्ण कुशीवर, गुडघे पोटाशी. शरीरात हे पाणी साधारण दीडशे मिलिलिटर असतं आणि दिवसाला पाचशेच्या घरात नवं तयार होतं, त्यामुळे काढलेलं दहाएक मिलिलिटर लवकरच भरून निघतं. काहींना नंतर डोकेदुखी होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं आणि मेंदूत गाठ किंवा दाब नाही याची खात्री करून घ्यायची.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्यांच्या कमरेत सुई घालणं शक्य नाही, गरजेचंही नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने फॉस्फरस जडलेलं टाउ २१७ मोजणाऱ्या रक्तचाचणीला मान्यता दिली. ती चाचणी लक्षणं असलेल्या, ५५ किंवा त्याहून जास्त वयाच्यांसाठी आहे. पण तिच्यातून मेंदूत ॲमिलॉइड साचलं आहे का, एवढंच कळतं. संध्याकाळी नसलेल्या पाहुण्यांसाठी चहा टाकायला सांगणाऱ्या आजींना ल्युई बॉडी आहे का, याचं उत्तर त्या रक्तात मिळत नाही.