तरुण बौद्ध संघ : कोलंबो ते रंगून – नेतृत्वाच्या पिढ्या आणि आपण



आपल्या समाजात संस्था पुष्कळ निघतात. बुद्ध पौर्णिमेला किंवा १४ एप्रिलला एखादे मंडळ स्थापन होते, पावतीपुस्तके छापली जातात, फलक लागतो, वर्ष-दोन वर्षे काम जोमाने चालते. पुढे सचिवाची बदली होते, अध्यक्ष आजारी पडतात, दोन गट होतात आणि फलक तेवढा उरतो. हे आम्ही दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. आमच्याच युवक शाखेत हे घडले आहे. पहिल्या सचिवाने वाचनालय उभे केले, रविवारचे संस्कार वर्ग चालविले. त्यांची नोकरीत बदली झाली तेव्हा सभासद नोंदवही, जमाखर्चाची वही आणि वाचनालयाची किल्ली त्यांच्याच घरी राहिली. संस्कार वर्ग आठ महिने बंद पडला. दोष त्यांचा नव्हता. त्यांच्यामागे दुसरा माणूस तयार केला नाही, हा आम्हा सर्वांचा दोष होता.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एका अशा युवक संघटनेचा इतिहास सभासदांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत, की जी एकाच नावाने दोन शेजारी देशांत उभी राहिली आणि नेतृत्वाप्रमाणे तिला दोन निरनिराळी वळणे लागली. ती संघटना म्हणजे यंग मेन्स बुद्धिस्ट असोसिएशन, अर्थात तरुण बौद्ध संघ. बाबासाहेबांचे पायही या संघटनेच्या व्यासपीठाला लागले आहेत.

स्थापनेची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात सिलोन, म्हणजे आजचा श्रीलंका, इंग्रजांच्या ताब्यात होता. शिक्षण बहुतांशी मिशनरी शाळांच्या हाती होते. इंग्रजी शिकावयाचे तर मिशनरी शाळेत जावे लागे आणि तेथे बौद्ध मुलाला आपला धम्म हा अडाण्यांचा धर्म आहे असे ऐकावे लागे. या परिस्थितीला पहिला धक्का १८७३ साली पानदुरा येथील जाहीर वादसभेने दिला. भिक्खू मिगेट्टुवत्ते गुणानंद यांनी मिशनऱ्यांशी समोरासमोर वाद केला व जनतेचा आत्मविश्वास जागा केला. १८८० साली कर्नल ऑल्कॉट आले. त्यांनी बौद्ध शाळांची चळवळ उभारली. १८८५ पासून वैशाख पौर्णिमेची सुटी परत मिळाली आणि आज आपण विहारांवर लावतो तो पंचरंगी धम्मध्वज प्रथम फडकला. १८८६ साली कोलंबोत जी बौद्ध इंग्रजी शाळा निघाली, तीच पुढे आनंद कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आली. १८९१ साली अनागारिक धम्मपालांनी महाबोधी सोसायटी स्थापन केली.

शाळा निघाल्या, पण शाळा सोडल्यानंतर तरुणाने कोठे जावे? ख्रिस्ती तरुणांसाठी वाय.एम.सी.ए. होती. तेथे वाचनालय होते, व्याख्याने होत, खेळ चालत. बौद्ध कारकून, शिक्षक व विद्यार्थी यांच्यासाठी असे काहीच नव्हते. ही उणीव सी. एस. दिसानायके या गृहस्थांनी हेरली. ते पूर्वी रोमन कॅथलिक होते व नंतर बौद्ध झाले होते. त्यामुळे ख्रिस्ती संघटनांची शिस्त आणि चिकाटी त्यांनी आतून पाहिली होती. त्यांच्या पुढाकाराने ८ जानेवारी १८९८ रोजी कोलंबोत काही तरुण एकत्र जमले आणि तरुण बौद्ध संघाची स्थापना झाली.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कल्पना दिसानायकेंची होती, परंतु अध्यक्षपद त्यांनी दुसऱ्या योग्य माणसाकडे दिले. संस्था काढणारा तोच अध्यक्ष, असा हट्ट त्यांनी धरला नाही.

जयतिलकांचा कालखंड

ते अध्यक्ष म्हणजे डॉन बॅरन जयतिलक. त्यांचा जन्म १८६८ सालचा, म्हणजे अध्यक्ष झाले तेव्हा वयाची तिशीही पुरी झाली नव्हती. विद्यालंकार परिवेणात भिक्खूंच्या हाताखाली पाली-सिंहली आणि इंग्रजी शाळेत आधुनिक विद्या, असे दुहेरी शिक्षण त्यांना लाभले होते. त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची पदवी घेतली. कँडीच्या धर्मराज कॉलेजात व नंतर कोलंबोच्या आनंद कॉलेजात त्यांनी मुख्याध्यापकपद सांभाळले. अशा शिक्षकाच्या हाती युवक संघटना गेल्यामुळे तिचा पाया अभ्यासाचा झाला. व्याख्याने, वाचनालय, 'द बुद्धिस्ट' हे इंग्रजी नियतकालिक आणि मुलांसाठी रविवारच्या धम्मशाळा ही संघाची मुख्य कामे ठरली.

यांतील धम्मशाळांचे काम आम्हास सर्वांत मोलाचे वाटते. गावोगावच्या विहारांत मुले रविवारी जमत, परंतु कोणी काय शिकवावे याला धरबंध नव्हता. संघाने अभ्यासक्रम ठरविला, पुस्तके पुरविली आणि १९२०च्या सुमारास सर्व बेटासाठी एक धम्म परीक्षा सुरू केली. परीक्षा आली की वर्ग नियमित भरतो, शिक्षक तयारी करतो, पालक विचारपूस करतात. परीक्षेची तारीख कोणाच्या बदलीसाठी थांबत नाही. एका व्यक्तीच्या उत्साहावर चालणारे काम अशा रीतीने व्यवस्थेवर चालू लागले.

जयतिलक मोठे होत गेले तसतसा संघाचा व्यापही वाढला. १९१० नंतर ते इंग्लंडला गेले, ऑक्सफर्डची पदवी घेऊन आणि बॅरिस्टर होऊन १९१३ साली परतले. १९१५ साली सिलोनमध्ये सिंहली बौद्ध व मुसलमान यांच्यात दंगली झाल्या. मुसलमानांची घरेदारे व दुकाने लुटली गेली, ही त्या इतिहासातील लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती आपण बौद्धांनी झाकून ठेवू नये. परंतु सरकारने लष्करी कायदा पुकारून दारूबंदी चळवळीच्या बौद्ध पुढाऱ्यांनाच तुरुंगात डांबले. त्यांत जयतिलकही होते. सुटकेनंतर या अन्यायाची दाद मागण्यासाठी ते पुन्हा इंग्लंडला गेले. म्हणजे अध्यक्ष कधी शिक्षणासाठी परदेशी, कधी तुरुंगात, कधी पुन्हा परदेशी! तरी संस्था बंद पडली नाही. कारण सचिव, ग्रंथपाल, धम्मशाळांचे शिक्षक व निरीक्षक आपापल्या जागी काम करीत होते.

१९१९ साली देशातील विखुरलेल्या बौद्ध मंडळांना एकत्र आणणारी परिषद भरली व तिच्यातून पुढे ऑल सिलोन बुद्धिस्ट काँग्रेस ही मध्यवर्ती संस्था आकारास आली. १९३१ पासून जयतिलक राज्य परिषदेचे नेते व गृहमंत्री होते. १९४२ साली ते सिलोनचे प्रतिनिधी म्हणून दिल्लीत आले आणि १९४४च्या मे महिन्यात मायदेशी परतताना त्यांचे निधन झाले. स्थापनेपासून अखेरपर्यंत, ४६ वर्षे, संघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. तरुणांच्या संघटनेचा अध्यक्ष ७६ वर्षांचा असावा काय? आमचे प्रांजळ मत असे, की हा आदर्श डोळे मिटून गिरवू नये. जयतिलकांच्या अध्यक्षतेखाली दुसरी फळी काम करीत होती म्हणून ते निभावले. जेथे दुसरी फळीच नाही तेथे ४६ वर्षांचे अध्यक्षपद म्हणजे संस्थेचा शेवटच होय.

ब्रह्मदेशातील वळण

आता रंगूनकडे वळू. ब्रह्मदेश त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. १९०६ साली बा पे, माँग जी प्रभृती सुशिक्षित तरुणांनी तेथे याच नावाचा संघ काढला. वंश, भाषा, धम्म आणि शिक्षण ही त्यांची चार ध्येये होती. केंब्रिजहून बॅरिस्टर होऊन आलेले यू मे आँग हे पहिल्या पिढीचे प्रमुख नेते. १९०८ साली त्यांनी संघापुढे आधुनिक ब्रह्मी तरुण या विषयावर व्याख्यान दिले आणि पाश्चात्य शिक्षण घेतलेला तरुण आपल्या मुळापासून तुटत चालला आहे हे दुखणे बोलून दाखविले. या पिढीची पद्धत अर्ज, ठराव व व्याख्याने यांची होती.

दुसरी पिढी अधीर होती. १९११ साली बा पे यांनी 'थुरिया', म्हणजे 'सूर्य', हे वृत्तपत्र काढण्यात पुढाकार घेतला. १९१६च्या सुमारास पादत्राणांचा प्रश्न पुढे आला. युरोपियन लोक पायांत बूट घालून पॅगोड्यात शिरत. प्रोम येथील पॅगोड्यावरच्या फलकाने इतरांना मनाई होती, पण युरोपियनांना सूट होती. यू थेन माँग या तरुण वकिलाने ही सूट काढून टाकण्याचा आग्रह धरला. प्रश्न दिसावयास बुटाचा होता, पण मुळात मानाचा होता. सभा झाल्या, ठराव झाले आणि शेवटी १९१९ साली पॅगोड्याच्या आवारातील पादत्राणांचा निर्णय प्रमुख भिक्खूंनी घ्यावा असे सरकारला मान्य करावे लागले.

ज्यांनी चवदार तळ्याचे पाणी आणि काळाराम मंदिराचा दरवाजा यांचा इतिहास वाचला आहे, त्यांना या लढ्याचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

या यशाने संघ राजकारणात ओढला गेला. जुने नेते सनदशीर मार्गाचे, तर तरुण चळवळीचे. १९२० साली प्रोमच्या अधिवेशनात संघाचे रूपांतर ब्रह्मी मंडळांच्या महापरिषदेत झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी विद्यापीठ कायद्याविरुद्ध मोठा संप केला व राष्ट्रीय शाळा निघाल्या. हा विजयाचा काळ होता. परंतु १९२२ साली महापरिषदेत फूट पडली. कौन्सिलात जावे की बहिष्कार घालावा यावरून बा पे व त्यांचे सहकारी वेगळे झाले आणि पुढे गटामागून गट पडत गेले. काही मंडळींनी जुने नाव व जुने धार्मिक-सामाजिक काम धरून ठेवले, पण पूर्वीची ताकद विभागली गेली.

बाबासाहेब आणि तरुण बौद्ध संघ

१९५०च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेचे पहिले अधिवेशन सिलोनमध्ये भरले. त्याचे सूत्रधार होते पाली विद्वान डॉ. गुणपाल मलालसेकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, माईसाहेब व पां. ना. राजभोज या अधिवेशनास गेले होते. नुसती बंधुत्वाची भाषा पुरेशी नाही, बौद्ध देशांनी धम्मप्रसाराची जबाबदारी उचलली पाहिजे, असे बाबासाहेबांनी तेथे बजावले. त्याच दौऱ्यात, जून १९५० मध्ये, त्यांनी कोलंबोच्या तरुण बौद्ध संघात भारतातील बौद्ध धम्माचा उदय आणि ऱ्हास या विषयावर भाषण केले. १९५४च्या डिसेंबरात ते रंगूनच्या तिसऱ्या अधिवेशनासही गेले. या देशांतील संस्था त्यांनी डोळसपणे पाहिल्या. ४ मे १९५५ रोजी त्यांनी भारतीय बौद्ध महासभेची नोंदणी केली. १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा व लगेच ६ डिसेंबरचे महापरिनिर्वाण. एवढा थोडा अवधी मिळूनही संस्था मागे राहिली, कारण तिला घटना होती. पुढे भैयासाहेब आंबेडकरांनी १९७७ साली निधन होईपर्यंत आणि त्यानंतर मीराताई आंबेडकरांनी तिची धुरा वाहिली.

कोलंबोतही जयतिलकांनंतर नेतृत्वाचा पोत बदलला. शिक्षकाच्या जागी कालांतराने सर सिरिल डी झोयसा यांच्यासारखा उद्योजक अध्यक्ष झाला. कालुतारा येथील बोधिवृक्षाचा विश्वस्त निधी त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला. तेथे रस्त्यावरून जाणारा वाहनचालक क्षणभर थांबून दानपेटीत नाणे टाकतो. लहान नाण्यांतून मोठे कार्य उभे राहते, हे या गृहस्थाला चांगले ठाऊक होते. विद्वानाने संघाला अभ्यास दिला, तर व्यवहारी माणसाने आर्थिक बळ दिले. दोन्हींची गरज असते.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, नियमित चालणारे एक तरी काम हवे. कोलंबोत ते धम्मशाळा व परीक्षा हे होते. दुसरी, लढ्याचे प्रसंग येतील तेव्हा लढावेच, पण लढा संपल्यावर परत येण्यासाठी वर्ग आणि वाचनालय शिल्लक असावे. तिसरी, मतभेद झाले तरी संस्थेची दप्तरे, पैसा व मालमत्ता कोणा गटाची होऊ नये. चौथी, प्रत्येक पदाधिकाऱ्याने पहिल्या दिवसापासून आपल्या जागी येणारा माणूस घडवावा.

आमच्या युवक शाखेने या वर्षी तीन ठराव केले आहेत. सचिवपद सलग तीन वर्षांहून अधिक कोणाकडे राहणार नाही. प्रत्येक सचिवासोबत विशीच्या आतील एक सहसचिव राहील व त्यांत मुलींना बरोबरीचे स्थान असेल. नोंदवह्या आणि किल्ल्या विहाराच्या कपाटात राहतील, घरी जाणार नाहीत. गोष्टी लहान आहेत, परंतु आठ महिने वर्ग बंद राहिला तेव्हा ज्या मुलांची सवय तुटली, त्यांतील काही पुन्हा आलीच नाहीत. त्या मुलांची आठवण ठेवूनच हे ठराव केले आहेत. विद्यार्थी मित्रांनो, ते पाळले जातात की नाही हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे. तो जरूर वापरा.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जय भीम!