खाजगीपणाचा कैवार : कोणाचा आणि कोणासाठी?

तृतीय वर्षाच्या वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, महागातला ॲपलचा फोन घेतला म्हणजे आपली माहिती कोणाला कळत नाही, हे खरं का?" वर्गात बहुतेकांजवळ आठ-दहा हजारांचे फोन. काहींचे हप्तेही फिटायचे होते. प्रश्न ऐकून मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "आपल्याजवळ लपवण्यासारखं आहे तरी काय?" वर्ग हसला. मी काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन त्या दिवशी वेळ मारून नेली. पण तो प्रश्न आणि ते हसणे ही दोन्ही माझ्या मनातून गेली नाहीत. हा लेख म्हणजे त्या दोघांना उशिरा दिलेले उत्तर आहे.

माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. आज्याला अक्षरओळख नव्हती. आमच्याकडच्या बाजाराच्या गावी दोन सावकार होते. एकाच्या दुकानी गेले की तो दुसऱ्याच्या वहीतली लबाडी सांगे. दुसऱ्याकडे गेले की तो पहिल्याची. दोघेही गरिबाच्या कळवळ्याने बोलत. आजा म्हणायचा, "दोघंबी खरं बोलतेत. पर दोघांच्याबी वहीत नाव आपलंच हाय." इंटरनेटवरच्या बड्या कंपन्या एकमेकींविरुद्ध खाजगीपणाचा कैवार घेऊन उभ्या राहतात, तेव्हा मला हे वाक्य आठवते. त्यांचे आरोप बहुधा खोटे नसतात. प्रश्न असा आहे, की आरोप करणाऱ्याच्या हातात आपली वही आहे की नाही?

१

एक जुनी घटना पाहू. मे २०११ मध्ये अमेरिकेत बर्सन-मार्स्टेलर या मोठ्या जनसंपर्क कंपनीची माणसे वर्तमानपत्रांना आणि लेखकांना गाठू लागली. गूगलने जीमेल वापरणाऱ्यांसाठी एक सोय काढली होती. आपल्या ओळखीच्यांनी आणि त्यांच्याही ओळखीच्यांनी इंटरनेटवर इतरत्र जे लिहिले असेल, ते ती सोय गोळा करून दाखवी. गूगल लोकांच्या खाजगी आयुष्यात शिरत आहे, याविरुद्ध लिहा, असा या माणसांचा आग्रह होता. खाजगीपणावर काम करणाऱ्या एका संशोधकाला तर लेख लिहायला मदत करू, तो छापूनही आणू, अशी तयारी त्यांनी दाखवली. त्याने साधा प्रश्न विचारला : याचे पैसे कोण देत आहे? नाव सांगता येणार नाही, असे उत्तर मिळाले. त्याने तो सारा पत्रव्यवहार उघड करून टाकला. थोड्याच दिवसांत उलगडा झाला. पैसे देणारी कंपनी फेसबुक होती.

फेसबुकने ते कबूल केले. मात्र बदनामीची मोहीम चालवण्याचा आपला हेतू नव्हता, असे सांगितले. गिऱ्हाइकाचे नाव लपवून असे काम घ्यायला नको होते, असे जनसंपर्क कंपनीनेही मान्य केले.

आता या दोन्ही कंपन्यांची त्याच वर्षातली स्थिती पाहा. जीमेलवरील लोकांचे संबंध 'बझ' नावाच्या सोयीतून उघडे पाडल्याबद्दल गूगलला मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी समझोता करावा लागला होता. खाजगी ठेवता येईल असे सांगितलेली माहिती वारंवार उघडी केल्याबद्दल नोव्हेंबर २०११ मध्ये तोच प्रसंग फेसबुकवर आला. पुढे ॲपलच्या सफारी ब्राउझरमधील अडसर चुकवून लोकांचा माग काढल्याबद्दल गूगलला ऑगस्ट २०१२ मध्ये २ कोटी २५ लाख डॉलर भरावे लागले. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणानंतर जुलै २०१९ मध्ये फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड झाला. म्हणजे २०११ मध्ये गूगलवर बोट दाखवणाऱ्याचे हात स्वच्छ नव्हते. पण म्हणून गूगलवरचा संशय अनाठायी होता, असेही म्हणता येत नाही. आज्याचे म्हणणे येथे शब्दश: लागू पडते.

२

हे भांडण का होते, हे समजण्यासाठी धंदा कसा चालतो ते समजून घेतले पाहिजे. शोधयंत्र, नकाशे, निरोप पाठवण्याची साधने आपल्याला फुकट मिळतात. पैसे देतो तो जाहिरातदार. त्याला विकले जाते ते आपले लक्ष, आणि आपण कोण आहोत याचा अंदाज. आपण एखादे पान उघडतो, तेवढ्या क्षणात त्या पानावरच्या जागेचा लिलाव होतो. समोरचा माणूस कोण, कुठला, त्याने काल काय शोधले, तो काय विकत घेण्याची शक्यता आहे, हे जितके नेमके ठाऊक, तितकी बोली चढी. म्हणून प्रत्येक कंपनीला दुसरीपेक्षा अधिक जाणायचे असते. स्पर्धेने वस्तू स्वस्त होते, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात आपण शिकवतो. येथे वस्तू आधीच फुकट आहे. तेव्हा स्पर्धा अधिक खोल झडती घेण्याची होते.

पण गिऱ्हाइकाला झडती आवडत नाही. म्हणून पत सांभाळावी लागते. व्यापारात पत म्हणजे अब्रूही आणि भांडवलही. आपली पत वाढवण्याचे दोन मार्ग : आपला व्यवहार सुधारणे, किंवा शेजारच्या दुकानाची पत घालवणे. दुसरा मार्ग स्वस्त पडतो.

ॲपलचा धंदा थोडा वेगळा आहे. तिची मुख्य कमाई महाग यंत्रे विकण्यातून होते. जाहिरातीवर तिचे पोट नाही. त्यामुळे खाजगीपणा हाच तिने विक्रीचा माल केला. जानेवारी २०१९ मध्ये लास व्हेगासच्या यंत्रप्रदर्शनाच्या वेळी तिने एका इमारतीवर भलामोठा फलक लावला. तुमच्या आयफोनवर जे घडते ते तेथेच राहते, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी मे महिन्यात गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी न्यू यॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला : खाजगीपणा ही चैनीची वस्तू असता कामा नये. ॲपलचे नाव न घेता मारलेला हा टोला होता. म्हणणे रास्तच आहे. पण ते म्हणणाऱ्याचा धंदा कशावर चालतो, हेही विसरून चालणार नाही.

एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने पुढचे पाऊल टाकले. तोवर प्रत्येक आयफोनला एक जाहिरात-क्रमांक असे आणि फोनमधल्या ॲपना तो सहज वाचता येई. बुटाचे दुकान, बातम्यांचे ॲप आणि फेसबुक या तिघांकडे एकच क्रमांक आला, की तिन्हीकडच्या नोंदी जुळवून एक माणूस उभा करता येई. आता हा क्रमांक वाचण्याआधी प्रत्येक ॲपला परवानगी मागावी लागू लागली. पुष्कळांनी नाही म्हटले. फेसबुकने आधीच, डिसेंबर २०२० मध्ये, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन आपण लहान दुकानदारांसाठी लढत आहोत, असे जाहीर केले होते. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये, तोवर मेटा झालेल्या या कंपनीने सांगितले, की या बदलामुळे त्या वर्षी आपला सुमारे १० अब्ज डॉलरचा महसूल बुडेल. एका साध्या 'नाही'ची ही किंमत! आपल्याजवळ लपवण्यासारखे काय आहे, असे विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

तर मग ॲपल आपली कैवारी ठरते का? नाही. याच ॲपलला आपल्या ब्राउझरमध्ये गूगलचे शोधयंत्र आधीपासून बसवून ठेवण्यासाठी गूगलकडून एकट्या २०२२ साली सुमारे २० अब्ज डॉलर मिळाले. गूगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात हा आकडा बाहेर आला. ज्या दुकानाच्या झडतीवर टीका करायची, त्याच्याच दारापर्यंत आपली गिऱ्हाइके पोचवण्याचा हा मोबदला. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला १५ कोटी युरोंचा दंड केला. परवानगी मागण्याच्या उद्देशाला त्याचा आक्षेप नव्हता. ज्या रीतीने ती पद्धत इतरांवर लादली, तिला होता. खाजगीपणाचे रक्षण आणि प्रतिस्पर्ध्याची कोंडी ही दोन कामे एकाच वेळी होऊ शकतात, हे यावरून दिसते.

३

येथवर ही बड्यांची भांडणे. आपला त्यात संबंध कोणता?

मी नोकरीच्या गावी खोली शोधत फिरलो तेव्हाची गोष्ट. फोनवर घरमालक आनंदाने बोलत. प्रत्यक्ष गेल्यावर पहिला प्रश्न पगाराचा नसे. "आडनाव काय? मूळ गाव कोणतं?" उत्तर ऐकले की खोली "कालच दिली" असे. एके ठिकाणी आडनावावरून अंदाज लागेना, तेव्हा भिंतीवर कोणाचा फोटो लावता, असे विचारण्यात आले. आपल्यापैकी कितीजणांनी हा अनुभव घेतला असेल, हे मी सांगायला नको. माहिती विचारणे कधी निरुपद्रवी नसते, हे आपण पुस्तकातून शिकलेलो नाही.

आता अमेरिकेत काय झाले पाहा. ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवून दिले, की फेसबुकवर घरांची जाहिरात देणाऱ्याला ती कृष्णवर्णीयांना दिसू नये अशी व्यवस्था करता येते. फेसबुक कोणाला वंश विचारत नव्हते. माणूस काय वाचतो, काय पसंत करतो, यावरून ते 'वांशिक जवळीक' ठरवत होते. म्हणजे भिंतीवरच्या फोटोचाच प्रश्न; फक्त तो न विचारता. दारावरून परत पाठवलेल्या माणसाला निदान अपमान झाल्याचे कळते. येथे घर रिकामे होते हेच त्याला कळत नाही. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने या प्रकरणी आरोप ठेवले. जून २०२२ मध्ये समझोता झाला, कंपनीला जाहिरातीची यंत्रणा बदलावी लागली. दंड किती? सुमारे १ लाख १५ हजार डॉलर. त्या कायद्याखाली तेवढाच जास्तीत जास्त होता. १० अब्जांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून. आजही त्यांच्या अनुभवापासून शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे आडनाव, गाव, शाळा, सवलतीचा अर्ज, चौदा एप्रिलचा फोटो यांची जुळणी करायला यंत्राला किती वेळ लागेल?

४

मग उपाय काय? महाग फोन हा उपाय नव्हे. जो हक्क विकत घ्यावा लागतो तो हक्क नसतो, सवलत असते. आणि तीही ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला.

१९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये, ही तरतूद त्यांनी त्यातील मूलभूत हक्कांत घातली होती. संविधानाच्या अंतिम मसुद्यात ती आली नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. मध्ये सत्तर वर्षे गेली. त्याच निवेदनात बाबासाहेबांचा आणखी एक मुद्दा आहे, तो आज अधिक महत्त्वाचा वाटतो. सरकारने हात मागे घेतला म्हणजे सर्वांना स्वातंत्र्य मिळते असे नाही; ते स्वातंत्र्य जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि भांडवलदाराला कामाचे तास वाढवण्याचे असते. खाजगी सत्ताही सत्ताच आहे. कंपन्यांच्या आपसातील स्पर्धेवर आपला खाजगीपणा सोपवणे म्हणजे हा धडा विसरणे होय.

कायद्याने काही होते का? होते, पण सावकाश. फेसबुक आपल्या बाजारातील जोरावर इतर ठिकाणची माहिती संमतीशिवाय जोडते, असे जर्मनीच्या स्पर्धा खात्याने २०१९ मध्ये ठरवले. खाजगीपणाचा भंग स्पर्धेच्या चौकशीत विचारात घेता येतो, हे युरोपच्या न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये मान्य केले. आपल्याकडे व्हॉट्सॲपने २०२१ साली नवे धोरण मांडले. ते स्वीकारणे किंवा सोडून जाणे एवढेच लोकांच्या हाती होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्याबद्दल मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. बंदी मात्र काढली. म्हणजे रक्कम भरावी, व्यवहार चालू राहावा!

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे. सावकार भांडतात तेव्हा कान उघडे ठेवावेत, कारण एरवी न कळणाऱ्या गोष्टी तेव्हाच बाहेर येतात. आरोप तपासून घ्यावा. त्या संशोधकाने विचारला तो प्रश्न विचारावा : याचे पैसे कोण देत आहे? पण भांडणात एकाच्या बाजूला जाऊन बसू नये. आपली मागणी कायद्याकडे आणि संस्थांकडे असली पाहिजे : कोणती माहिती घेता, कशासाठी घेता, तिच्यावरून आमच्याविषयी काय ठरवता, हे दाखवा, आणि आठ हजारांच्या फोनलाही तोच नियम लावा.

त्या विद्यार्थिनीला मी आता सांगेन : महाग फोनात काही दारे बंद असतात, हे खरे, पण किल्ली तुझ्याजवळ नसते. आणि मागच्या बाकावरच्या मित्राला विचारीन : अरे, शहरात खोली बघायला जाशील, तेव्हा आडनाव विचारल्यावर क्षणभर थांबशील की नाही? ते थांबणे म्हणजेच खाजगीपणा. तुझ्याजवळ ते आहे.

आज्याला वही वाचता येत नव्हती. आपल्याला येते. तेव्हा ती मागायला हवी.