हजार लाल सदरे आणि एक इटली

मे 1860. जेनोवाजवळच्या क्वार्तोहून दोन आगबोटी निघाल्या. त्यांत क्रांतिकारक सेनानी गॅरिबाल्डी आणि त्याचे हजारभर स्वयंसेवक: वकील, डॉक्टर, विद्यार्थी, कारागीर. बंदुका जुनाट, अनेकांच्या अंगात लाल सदरे. 11 मे रोजी ते सिसिलीत मार्सालाला उतरले आणि चार महिन्यांत थेट नेपल्समध्ये!

एवढी ईर्ष्या आली कुठून? 1815 नंतर इटलीची शकलं झाली होती. उत्तरेत ऑस्ट्रिया, मध्ये पोप, दक्षिणेत बूर्बाँ राजे. 1831 मध्ये मॅझिनीने ‘तरुण इटली’ संघटना काढून एकसंध प्रजासत्ताकाचं वेड लावलं. (सावरकरांनी मराठीत आणलेला मॅझिनी तो हाच.) डावपेच मात्र उत्तरेतल्या पिडमाँट राज्याचा पंतप्रधान काव्हूर याचे. फ्रान्सला खूश ठेवायला त्याने नीस देऊन टाकलं, म्हणजे गॅरिबाल्डीचं जन्मगाव! गडी भडकला, तरीही जिंकलेला दक्षिण भाग पिडमाँटच्याच व्हिक्टर इमॅन्युएल राजाच्या हवाली करून कॅप्रेरा बेटावर शेती करायला निघून गेला. माझ्या मते सगळ्या कथेतला सर्वांत मोठा प्रसंग हाच.

17 मार्च 1861 ला इटलीचं राज्य जाहीर झालं, 1866 ला व्हेनिस आणि 1870 ला रोम आलं. मॅझिनीला मात्र राजा नकोच होता. 1872 मध्ये तो वारला, तेव्हाही पिसात खोट्या नावानेच राहत होता.